लहान बाथरूम कमी खर्चात स्वतः नव्याने करताना: तोडफोडीपासून नळ बसवण्यापर्यंतचा क्रम

बाथरूम नव्याने करायचे ठरले की बहुतेक घरांतली पहिली फेरी टाइलच्या दुकानात होते, आणि कामाचा क्रम तिथेच उलटा होतो. टाइल आधी ठरते, बजेटचा मोठा वाटा तिच्यात जातो, आणि उरलेल्या पैशांत नळजोडणी, उतार आणि वॉटरप्रूफिंग कसेबसे उरकले जाते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत शेजारच्या खोलीच्या भिंतीला पोपडे येतात किंवा खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या छतावर ओल उतरते, आणि मग तीच महागडी टाइल फोडावी लागते. म्हणून पुढील सर्व टप्प्यांचा नियम एकच आहे: पाणी भरून ठेवण्याची चाचणी पार पडल्याशिवाय एकही टाइल लावायची नाही.

उदाहरणासाठी ५ फूट × ७ फुटांचे बाथरूम धरले आहे. नागपुरातील जुन्या लेआउटमधल्या घरांत आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये साधारण याच मापाची बाथरूम आढळतात.

## १. हंगाम, परवानगी आणि कोणते काम स्वतः करायचे

नागपुरात या कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सिमेंटमधले पाणी ते पक्के होण्याआधीच उडून जाते आणि थर भुसभुशीत राहतो. टाइल चिकटवण्याच्या बहुतेक अ‍ॅडेसिव्हच्या बॅगेवरही ४० अंशांच्या आत काम करण्याची सूचना असते. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते, कारण भिंत वाळतच नाही आणि ओल्या भिंतीवर दिलेला वॉटरप्रूफिंगचा लेप पुढे सुटतो. उन्हाळ्यातच काम करणे भाग असेल, तर सिमेंटचे काम सकाळी दहाच्या आत आटोपावे आणि ताज्या कामावर कूलरचा झोत येऊ देऊ नये.

फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवावे आणि खालच्या मजल्यावरील कुटुंबाला आधीच भेटून त्यांच्या छताचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. त्या छतावर आधीपासून डाग असतील, तर नंतरचा वाद या फोटोंनी टळतो. स्वतःचे तळमजल्याचे घर असेल तर निराळी गोष्ट पाहावी लागते. शहराच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तळमजल्याची फरशी खचणे किंवा फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात भेग पडणे नवीन नाही. अशी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. काही महिन्यांत ती लांबली, तर आधी पायाचा आणि भरावाचा प्रश्न सोडवावा. हलत्या जमिनीवर कोणतेही वॉटरप्रूफिंग टिकत नाही.

तोडफोड, उताराचा थर, लेप, टाइल, ग्राउट (टाइलमधल्या फटी भरणारा माल) आणि नळ बसवणे ही कामे धीर असलेल्या माणसाला स्वतः करता येतात. विजेची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. अनेक फ्लॅटसाठी सामाईक असलेल्या उभ्या सांडपाणी पाइपला हात लावायचा असेल तर अनुभवी प्लंबर बोलवावा. दाराच्या बाजूचे खांब आणि वरचे बीम छिन्नीने खरवडण्याचा मोह टाळावा, मग पाइप लपवण्यासाठी कितीही सोयीचे वाटो.

या कामाला साधारण तीन आठवडे लागतात, आणि त्यांतला बराच काळ नुसता वाळण्यात व मुरण्यात जातो. घरात एकच बाथरूम असेल तर आंघोळीची पर्यायी सोय आधी करावी. ती नसली की पाचव्या-सहाव्या दिवशी घरातूनच घाई सुरू होते, आणि घाईत नेमकी वाळण्याची वेळ कापली जाते.

## २. माप, बजेट आणि खरेदी

आधी पूर्ण बाथरूमचे माप कागदावर घ्यावे. ५ × ७ फुटांच्या खोलीत फरशी ३५ चौरस फूट होते; चारही भिंतींची एकूण लांबी २४ फूट असल्याने ७ फूट उंचीपर्यंत १६८ चौरस फूट भिंत येते, त्यातून दाराचे सुमारे १८ वजा केले की १५० उरते. एकूण १८५ चौरस फूट आणि तूटफूट व कापणीसाठी १० टक्के जादा, म्हणजे जवळपास २०५ चौरस फूट टाइल लागते. ज्या दोन भिंतींवर पाणी थेट उडत नाही तिथे ४ फुटांपर्यंतच टाइल लावून वर रंग दिला, तर सुमारे ३० चौरस फूट वाचतात, आणि बाथरूम त्याने मुळीच गरीब दिसत नाही.

पैशांची वाटणी करताना पाइप, ट्रॅप (फरशीतले सांडपाण्याचे, वास अडवणारे तोंड) आणि वॉटरप्रूफिंगची रक्कम सर्वांत आधी बाजूला काढावी, त्यानंतर विजेचे काम, मग टाइल, आणि शेवटी शॉवर, आरसा, टॉवेलची दांडी. एकूण रकमेचा सातवा-आठवा भाग राखीव ठेवावा, कारण जुनी फरशी उघडेपर्यंत खाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नसते. सर्वांत मोठी बचत कमोड आणि सांडपाण्याचा ट्रॅप आहे त्याच जागी ठेवण्यात आहे. त्यांची जागा बदलली की फरशीखालचे सगळे पाइप बदलावे लागतात.

टाइल स्वस्तात घ्यायची असेल तर दुकानदाराकडे उरलेल्या लॉटची चौकशी करावी. मोठ्या कामातून उरलेल्या आठ-दहा पेट्या लहान बाथरूमला पुरतात आणि अशा पेट्या स्वस्त मिळतात. मात्र प्रत्येक पेटीवरचा बॅच क्रमांक आणि शेड एकच आहे का, हे दुकानातच पाहावे. फरशीसाठी खरखरीत, न घसरणारी टाइलच घ्यावी. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत क्षारांचे पांढरे डाग पडतात. काळ्या चकचकीत टाइलवर ते दोन दिवसांत दिसू लागतात, फिकट मॅट टाइलवर फारसे जाणवत नाहीत.

अ‍ॅडेसिव्हच्या बॅगेवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि 'टाइप' छापलेला असतो. साधी सिरॅमिक टाइल, व्हिट्रिफाइड (फार कमी पाणी शोषणारी) टाइल आणि जुन्या टाइलवर नवी टाइल यांसाठी वेगवेगळे टाइप लागतात, म्हणून केवळ किंमत पाहून बॅग उचलू नये. ३ मिलिमीटर जाडीच्या थराला २० किलोची एक बॅग सुमारे ५० चौरस फुटांना पुरते.

तपासणी: टाइल, अ‍ॅडेसिव्ह आणि ग्राउट यांची फक्त यादी आणि भाव आणावेत. प्रत्यक्ष माल सहावा टप्पा संपल्यावरच आणावा, म्हणजे लहान घरात पेट्या पायांत येत नाहीत आणि मापात बदल झाला तर परतफेडीचा प्रश्न उरत नाही.

## ३. जुनी टाइल फोडावी की तिच्यावरच नवी लावावी

जुन्या टाइलवर नवी लावल्याने तोडफोड वाचते, म्हणून हा मार्ग आकर्षक वाटतो. पण फरशी १२ ते १५ मिलिमीटरने वर येते, दार घासते, उंबरठा बुजतो, आणि खाली गळती असेल तर ती तशीच झाकली जाते. ओल कुठेही नसेल, उतार ठीक असेल आणि नाण्याने ठोकून पाहिल्यावर जुन्या टाइल पोकळ वाजत नसतील, तरच आणि तेही केवळ भिंतींसाठी, हा मार्ग घ्यावा. माझ्या मते फरशीच्या बाबतीत तो जवळपास नेहमीच चुकीचा ठरतो.

फोडण्याआधी मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह आणि विजेचा मुख्य स्विच बंद करावा. ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घालून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधावी. हे साधे काम राहून गेल्यामुळे मलबा पाइपमध्ये उतरतो, आणि तो नेमका कुठे अडकला हे नवी टाइल लागल्यावर कळते. छिन्नी-हातोडा वरून खाली चालवावा. चष्मा, मास्क आणि बंद बूट वापरावेत. ठोकल्यावर पोकळ वाजणारे प्लास्टरही काढून टाकावे.

मलबा रस्त्याच्या कडेला किंवा नाल्यात टाकू नये. तो पोत्यांत भरून ठेवावा आणि कुठे न्यायचा याची चौकशी महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात करावी.

इशारा: जुन्या इमारतींतले करड्या रंगाचे सिमेंटसारखे दिसणारे पाइप किंवा पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे फोडू किंवा कापू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

## ४. पाइप आणि विजेच्या जागा

जुने लोखंडी पाइप क्षारांनी आतून अरुंद झालेले असतात, तेव्हा भिंत उघडली असताना ते बदलणेच शहाणपणाचे आहे. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिकचा) पाइप वापरावा. यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी असतो. दोन्हींचे सॉल्व्हेंट (पाइप जोडण्याचा द्रव) वेगळे असते आणि एकाचे दुसऱ्याला लावल्यास सांधा आज धरतो व काही महिन्यांनी सुटतो. सांधा करताना पाइप सरळ कापून, कडा घासून, दोन्ही बाजूंना सॉल्व्हेंट लावून पाव फेरा देत आत बसवावा आणि काही सेकंद तसाच धरून ठेवावा.

नळांची उंची पुस्तकातून न घेता घरातल्या वस्तूंवरून ठरवावी. आपल्याकडे बादलीने आंघोळ होते, म्हणून घरातली सर्वांत उंच बादली भिंतीशी ठेवून तिच्या काठाच्या वर किमान चार बोटे जागा सोडून बादलीच्या नळाची खूण करावी. शॉवर घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या डोक्यावर वीतभर असावा. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून थंड नळालाही कढत पाणी येते, तेव्हा गच्चीवरून येणारा पाइप उघडाच असेल तर त्यावर उष्णतारोधक आवरण चढवण्याची हीच वेळ आहे.

गीझरसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि चांगले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून घालून घ्यावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इतर कुठलाही खर्च कमी करून तो बसवावा. दिवा आणि गीझर यांचे स्विच दाराबाहेर असावेत.

इशारा: गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आंघोळ करणारा माणूस काही कळण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो.

तपासणी: सांधे २४ तास वाळू द्यावेत. मग सर्व टोकांना प्लग लावून प्लंबरकडच्या हातपंपाने पाइपमध्ये दाब भरावा आणि दाबाचा काटा काही तास हलत नाही ना, हे पाहावे. भिंत बुजवण्याआधी पाइपशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत; पुढे आरसा किंवा दांडी बसवताना ड्रिल कुठे चालवू नये हे त्यावरूनच कळते.

## ५. ट्रॅप आणि उतार

सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात, आणि त्या नंतर दुरुस्त होत नाहीत.

नहाणी ट्रॅपमध्ये पाण्याचा थर साचून राहतो आणि तोच गटाराचा वास अडवतो. हा थर ५० मिलिमीटर असावा. स्वस्त, उथळ ट्रॅपमधले पाणी उन्हाळ्यात लवकर आटते आणि घरभर वास सुटतो. ट्रॅपचे तोंड तयार फरशीच्या पातळीपेक्षा किंचित खाली बसले पाहिजे. म्हणून टाइलची जाडी, अ‍ॅडेसिव्ह आणि उताराचा थर यांची बेरीज करून ती उंची भिंतीवर आधी आखून घ्यावी. ट्रॅपभोवतीची पोकळी साध्या सिमेंटने न भरता न आकसणाऱ्या ग्राउटने (टाइलच्या फटींच्या ग्राउटहून वेगळ्या) भरावी, कारण गळतीची सुरुवात बहुधा याच गोल फटीतून होते.

उतार दर फुटाला ४ ते ५ मिलिमीटर ठेवावा. ट्रॅपपासून सर्वांत दूरचा कोपरा ६ फुटांवर असेल तर तो २४ ते ३० मिलिमीटर उंच येईल. लेव्हल पाइपमध्ये (पातळी तपासायच्या पारदर्शक नळीत) पाणी भरून चारही भिंतींवर एक समान रेघ मारावी आणि त्या रेघेपासून खाली मोजत प्रत्येक कोपऱ्यात सिमेंटचा छोटा ठिय्या करावा. मग १ भाग सिमेंट आणि ४ भाग रेती यांचा घट्टसर माल टाकून ठिय्यापासून ट्रॅपपर्यंत लांब पट्टीने ओढावा. दारापाशी फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा १५ ते २० मिलिमीटर खाली राहील याची काळजी घ्यावी.

कन्हानची रेती असो किंवा दगडाची चुरी, ती चाळून घ्यावी. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा रेती आणि वर पाणी घालून हलवावे आणि काही तास ठेवावे. वर गाळाचा जाड थर बसला तर ती रेती धुतल्याशिवाय वापरू नये.

भिंतींचे प्लास्टरही याच वेळी ओळंबा लावून सरळ करून घ्यावे. फरशी आणि प्लास्टर दोन्ही सात दिवस ओले ठेवावे लागतात. उन्हाळ्यात फरशीवर ओली पोती अंथरावीत, कारण दिवसातून दोनदा मारलेला पाण्याचा हात तासाभरात सुकतो.

तपासणी: थर पक्का झाल्यावर दूरच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतावे. ते कुठेही न थांबता ट्रॅपकडे गेले पाहिजे. एक काचेची गोटी चारही कोपऱ्यांतून सोडून पाहिली तरी खोलगट भाग लगेच सापडतो.

## ६. वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरण्याची चाचणी

लेप उताराच्या थराच्या वर, म्हणजे टाइलच्या लगेच खाली असावा. तो केवळ जाड थराच्या तळाशी दिला तर पाणी वरच्या मालात मुरून राहते आणि हळूहळू भिंतीत चढते. पावडर आणि द्रव अशा दोन भागांत मिळणारा पॉलिमर-सिमेंटचा लेप घ्यावा. काळ्या डांबरी लेपावर टाइल नीट धरत नाही.

फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे सिमेंट-रेतीची छोटी गोलाई करावी. मिस्त्री तिला 'वाटा' म्हणतात. काटकोनी कोपऱ्यात लेप पातळ पडतो आणि पहिली चीर तिथेच जाते. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती लेपाच्या पहिल्या हातात फायबरची जाळी दाबून घ्यावी. पहिला हात उभा आणि तो सुकल्यावर दुसरा आडवा द्यावा. लेप भिंतीवर किमान १ फूट, आणि शॉवरच्या भिंतींवर ६ फुटांपर्यंत चढवावा. ट्रॅपच्या गळ्याच्या आतही ब्रश फिरवावा. दुसरा हात ओला असतानाच त्यावर चाळलेली कोरडी रेती हलकेच भुरभुरली, तर टाइलची पकड सुधारते.

तीन दिवस लेप वाळू द्यावा. त्यानंतर ट्रॅप बंद करून आणि दारात विटांचा छोटा बांध घालून २ इंच पाणी भरावे, भिंतीवर पातळीची खूण करावी आणि ४८ तास थांबावे. नागपूरच्या कोरड्या हवेत पाणी नुसत्या बाष्पीभवनानेही कमी होते, त्यामुळे पातळी उतरली म्हणून घाबरावे की नाही हे कळत नाही. यावर सोपा उपाय आहे. त्याच बाथरूममध्ये एका घमेल्यात पाणी भरून त्यावरही खूण करावी. घमेल्यातले आणि फरशीवरचे पाणी सारखेच उतरले तर ते हवेत गेले. फरशीवरचे जास्त उतरले तर ते खाली गेले.

तपासणी: दोन्ही दिवस खालच्या मजल्यावरचे छत आणि भिंतींची बाहेरची बाजू हात लावून पाहावी. ओल आढळली तर त्या जागी पुन्हा जाळी आणि लेप देऊन चाचणी पहिल्यापासून करावी.

## ७. टाइल

आधी कोरडी मांडणी करून कापलेले तुकडे दारामागे किंवा कमोडच्या मागे येतील असे पाहावे. भिंतीवर सर्वांत खालची ओळ सोडून, दुसऱ्या ओळीच्या तळाशी पाणसळीने सरळ लाकडी पट्टी ठोकावी, मात्र ती शॉवरच्या भिंतीवर न ठोकता तिथे आधार फरशीवर उभा करावा, म्हणजे लेपाला छिद्र पडणार नाही. पट्टीवरून वरच्या ओळी लावून घ्याव्यात, मग फरशी, आणि अखेरीस राहिलेली खालची ओळ. असे केल्याने भिंतीची टाइल फरशीच्या टाइलवर येते आणि पाणी सांध्यात न जाता बाहेर ओघळते.

सिमेंटच्या मालात सिरॅमिक टाइल भिजवून लावायची पद्धत असल्याने अनेक जण अ‍ॅडेसिव्हसाठीही टाइल रात्रभर भिजवतात. अ‍ॅडेसिव्हसाठी टाइल कोरडी लागते. फक्त मागची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. दुसरी चूक टाइलच्या मागे पाच ठिपके देऊन ती दाबण्याची. ठिपक्यांमधल्या पोकळीत पाणी साचते आणि बादली आपटली की टाइल तडकते. दाते असलेल्या थापीने भिंतीवर एकाच दिशेने रेघा ओढाव्यात, टाइलच्या मागेही पातळ थर फिरवावा आणि टाइल किंचित सरकवत दाबावी. अधूनमधून एखादी ताजी टाइल काढून तिची पाठ पूर्ण भरली आहे का ते पाहावे. एका वेळी दहा मिनिटांत संपेल तेवढाच माल कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू नये.

टाइलमध्ये २ ते ३ मिलिमीटरचे स्पेसर (फट सारखी राखणारे छोटे प्लास्टिकचे तुकडे) ठेवावेत. ग्राइंडरने कापताना चष्मा घालावा आणि ग्राइंडर आरसीसीबी असलेल्या जोडणीवरच चालवावा.

## ८. ग्राउट आणि कोपरे

२४ तासांनी स्पेसर काढून सांधे कोरड्या ब्रशने साफ करावेत. बजेट तुटपुंजे असेल तर एपॉक्सी (रेझिनचे, पाणी न शोषणारे) ग्राउट फक्त फरशीला आणि शॉवरच्या भिंतींना वापरून बाकी ठिकाणी सिमेंटचे ग्राउट चालते. एपॉक्सी गरमीत झपाट्याने घट्ट होते, म्हणून ते थोडे थोडे कालवून लगेच पुसून घ्यावे. वाळल्यावर ते टाइलवरून निघत नाही. भिंत-भिंत आणि भिंत-फरशी यांच्या कोपऱ्यांत ग्राउट न भरता सिलिकॉन भरावे, कारण ते सांधे किंचित हलतात.

इशारा: काम संपल्यावर टाइल उजळवण्यासाठी अ‍ॅसिड ओतण्याची पद्धत सर्रास आढळते. अ‍ॅसिड सिमेंटचे ग्राउट खाते आणि नळांचा मुलामा काळा पाडते. ते घरात आणूच नये. क्षारांच्या डागांवर पातळ केलेले व्हिनेगर थोडा वेळ लावून धुतले तरी पुरते, मात्र तेही सांध्यांवर साचू देऊ नये.

## ९. नळ, गीझर आणि पहिला महिना

ग्राउट झाल्यावर तीन दिवस बाथरूम कोरडे ठेवावे. नळ बसवण्याआधी प्रत्येक पाइप उघडा सोडून बादलीभर पाणी वाहू द्यावे, म्हणजे आत राहिलेली रेती शॉवरच्या छिद्रांत अडकणार नाही. टेफ्लॉन टेप नळ फिरवण्याच्या दिशेनेच गुंडाळावी आणि नळ हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा ते एक फेराच द्यावा. जास्त जोर दिला तर भिंतीतला सीपीव्हीसीचा जोड तडकतो. गीझर पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळातून धार येईपर्यंत त्याचा स्विच सुरू करू नये, आणि त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह कधीही बुजवू नये.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा अँगल कॉकच्या (भिंतीतून निघणाऱ्या छोट्या बंद-चालू नळाच्या) खाली कोरडा कागद फिरवून ओल आहे का ते पाहावे आणि ट्रॅपची जाळी उचलून केस व सिमेंटचे कण काढावेत. उरलेल्या चार-पाच टाइल, ग्राउटचा रंग क्रमांक आणि पाइपचे फोटो एकत्र जपून ठेवावेत; टाइलच्या पेटीवरचा बॅच क्रमांकाचा तुकडा कापून त्यांच्यासोबतच ठेवावा.